साँग आणि सोंग

जुन्या पेढीच्या किंवा कचेरीच्या दारांत पट्टेवाला उभा असे. खांद्यावरून आडवा गेलेला पट्टा आणि त्यावरचा पितळी बिल्ला हीच त्याची ओळख. किंबहुना त्या पट्ट्यावरूनच त्याला नांव मिळालें. धनी बदलला म्हणजे पट्टा बदले, माणूस तोच राही. युरोपांतील सरदार आपल्या पदरच्या चाकरांना एकाच रंगाचा जो पोशाख देत, त्याला फ्रेंच भाषेंत ‘दिलेला’ अशा अर्थाचा एक शब्द होता. तोच शब्द इंग्रजींत ‘लिव्हरी’ झाला, आणि घोडागाड्या, आगगाड्या, आगबोटी असा प्रवास करीत करीत विसाव्या शतकांत विमानांच्या रंगसज्जेला येऊन चिकटला. ज्या विमान-कंपनीची हकीकत आज सांगावयाची आहे, तिच्या बाबतींत या शब्दाचा मूळ अर्थ विसरून चालणार नाहीं. कंपनीचें नांव ‘साँग’, म्हणजे गीत. ती १५ एप्रिल २००३ रोजीं उडूं लागली आणि ३० एप्रिल २००६ रोजीं थांबली. तीन वर्षें आणि पंधरा दिवस, एवढेंच तिचें आयुष्य.

‘साँग’चें घराणें मात्र जुनें होतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जियामधील अटलांटा शहरीं जिचें मुख्य ठाणें आहे, त्या ‘डेल्टा’ विमान-कंपनीची ती कन्या. डेल्टाच्या जन्माची कथा मोठी मौजेची आहे. १९२४ सालीं कापसाच्या बोंडांतील किडीवर विमानांतून औषधाची भुकटी टाकण्याचा एक धंदा निघाला. १९२८ सालीं त्याला मिसिसिपी नदीकांठच्या एका कापूसपिकाच्या प्रदेशावरून ‘डेल्टा’ हें नांव मिळालें. पुढें भुकटीच्या जागीं प्रवासी आले, आणि १९४१ सालीं बिऱ्हाड अटलांटास हाललें. ग्रीक लिपींतील ‘डेल्टा’ हें अक्षर त्रिकोणी, म्हणून लाल-निळा त्रिकोण ही तिची खूण झाली. बोंडांतल्या किडीच्या कृपेनें आकाशांत चढलेली ही कंपनी, हें वऱ्हाड-खानदेशांतील मंडळींस ऐकून करमणूक वाटेल. असो.

एवढ्या संपन्न कंपनीला स्वतःच्याच घरांत दुसरी चूल कां मांडावी लागली, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर प्रवाशांच्या दोन जातींत सांपडतें. उद्यां न्यायालयांत उभें राहावयाचें असलेला वकील आज संध्याकाळीं मिळेल त्या भाड्यानें तिकीट घेतो. कारण तारीख चुकली तर अशिलाचें नुकसान होतें. सुट्टींत मुलांबाळांसह हवा पालटण्यास निघालेलें कुटुंब मात्र दोन महिने आधीं चौकशी करतें, चार ठिकाणचे भाव पाहतें, आणि महाबळेश्वर महाग वाटलें तर माथेरानला जातें. विमान दोघांनाही त्याच वेगानें नेतें. पण पहिल्याकडून जें भाडें मिळतें तें दुसऱ्याकडून मिळत नाहीं. न्यूयॉर्क, बोस्टन यांसारख्या उत्तरेकडील थंड शहरांतून दक्षिणेच्या फ्लॉरिडांत जाणारा प्रवासी बहुधा या दुसऱ्या जातीचा. उत्तरेस बर्फ पडूं लागलें कीं पुष्कळ म्हातारीं माणसें फ्लॉरिडाच्या उन्हांत जाऊन राहतात. आणि ऑर्लंडो शहराजवळ १९७१ सालीं डिस्नेची क्रीडानगरी उघडल्यापासून मुलांचा ओढाही तिकडेच. या मार्गावर विमान भरे, पेटी मात्र भरत नसे.

१९७८ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा करून विमानभाड्यांवरील आपलें नियंत्रण सोडण्यास आरंभ केला. तेव्हांपासून स्वस्त भाड्याच्या नवनव्या कंपन्या निघत आणि बुडत आल्या. फेब्रुवारी २००० मध्यें न्यूयॉर्कहून फ्लॉरिडाकडे उडूं लागलेली ‘जेटब्ल्यू’ ही मात्र बुडणाऱ्यांतली दिसेना. नवीं कोरीं विमानें, चामड्याच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीसमोर दूरचित्रवाणीचा पडदा, आणि इतकें करून भाडें कमी. कंपनी नवी तसे तिचे नोकरही नवे. त्यांच्या पगारावर वीस-पंचवीस वर्षांच्या बढत्यांचें ओझें नव्हतें. डेल्टाची या मार्गावर ‘डेल्टा एक्सप्रेस’ नांवाची, १९९६ सालीं काढलेली एक स्वस्त शाखा होती; पण जेटब्ल्यूच्या टवटवीत विमानांपुढें तिचीं जुनीं ७३७ विमानें केविलवाणीं दिसूं लागलीं. त्यांतच सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला. लोक विमानांत बसावयास धजेनात. डेल्टाला २००१ आणि २००२ या दोन्ही वर्षीं प्रत्येकीं एक अब्ज डॉलरांहून अधिक तोटा आला. जानेवारी २००३ मध्यें ‘साँग’ची घोषणा झाली ती या परिस्थितींत.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ‘काँटिनेंटल’ कंपनीनें १९९३ सालीं असाच प्रयोग केला आणि १९९५ सालीं मोडला, ‘युनायटेड’चा प्रयोग १९९४ पासून २००१ पर्यंत चालला, ‘यूएस एअरवेज’चा १९९८ सालीं सुरू होऊन २००१ सालींच आटोपला. शेजारच्या तीन घरांत जें उतूं गेलें होतें, तेंच दूध डेल्टानें पुन्हां चुलीवर चढविलें. फरक एवढाच कीं या वेळीं भांडें फार सुंदर घेतलें.

विमान निवडलें तें बोइंग ७५७. लांब, सडपातळ अंगाचें, उंच पायांचें हें विमान. मधून चालावयास एकच वाट. हीं विमानें डेल्टाच्या ताफ्यांत होतींच. त्यांतील वरच्या वर्गाच्या रुंद खुर्च्या काढून सगळा एकच वर्ग केला आणि १९९ खुर्च्या बसविल्या. बाहेरून अंग पांढरें शुभ्र, आणि त्यावर कोवळ्या सफरचंदाच्या सालीसारखा हिरवा रंग. नांवही लहान अक्षरांत लिहिलेलें, जणूं कोणी हलक्या आवाजांत गुणगुणावें तसें. तांबड्या-निळ्या रंगांची अमेरिकन विमानांत इतकी गर्दी असे कीं धांवपट्टीवरच्या रांगेंत हें हिरवें विमान लांबूनही वेगळें ओळखूं येई.

विमानाला रंग देणें म्हणजे भिंतीला चुना लावणें नव्हे. जुना रंग सोलून काढावा लागतो. धातु उघडा पडला कीं तो झिजूं नये म्हणून अस्तर द्यावें लागतें. मग त्यावर रंगाचे थर. आणि तितके दिवस विमान कमाईवांचून उभें. सुकाणूसारख्या हलत्या भागांवर रंगाचा थर कमीजास्त झाला तर त्यांचा तोल बिघडतो, म्हणून रंगविल्यानंतर तो पुन्हां तपासून घेतात. रंगाला वजनही असतें. ‘अमेरिकन एअरलाइन्स’ या कंपनीनें २०१३ पर्यंत आपल्या बहुतेक विमानांचें अंग न रंगवितां घांसून चकचकीत ठेवलें, त्याचें एक कारण हेंच. इतकें असूनही कंपन्या रंगावर जीव टाकतात, आणि तें अगदींच वेडेपणाचें नाहीं. १९७१ सालीं एअर-इंडियाचें पहिलें ‘जंबो’ विमान आलें, तेव्हां त्याच्या खिडक्यांभोंवतीं राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या लाल महिरपी काढल्या होत्या. परदेशच्या विमानतळावर ते झरोके दिसतांच आपल्या माणसांस घर जवळ आल्यासारखें वाटे. पण तेथें वेषाबरोबर देहही नवा होता: तितकें प्रचंड विमान त्यापूर्वीं या कंपनीजवळ नव्हतेंच. ‘साँग’च्या विमानाला फक्त वेष नवा होता.

तो वेष विमानाच्या कातडीवरच थांबला नाहीं, हें डेल्टाच्या चालकांचें कौतुक. प्रत्येक खुर्चीसमोर हळूहळू पडदे बसविण्यांत आले. त्यांवर बोट ठेवून प्रवाशानें हवें तें गाणें निवडावें, चित्र पाहावें, किंवा विमानांतल्याच दुसऱ्या प्रवाशाशीं प्रश्नोत्तरांचा खेळ खेळावा. पांचव्या रांगेंतल्या आजोबांना तिसाव्या रांगेंतल्या शाळकरी मुलानें सामान्यज्ञानांत हरवावें, अशी ही सोय होती! खाण्यास फुकटच्या कोरड्या पुड्यांऐवजीं रासायनिक खतांवांचून पिकविलेल्या धान्याभाज्यांचे चांगले पदार्थ, पण पैसे देऊन. सेवक-सेविकांचा गणवेष केट स्पेड या प्रसिद्ध वेषकर्तीकडून २००४ सालीं करविला. या सर्व योजनेंत डोळ्यांसमोर प्रवासी होती ती मुख्यतः स्त्री. घरची सहल कोठें आणि कशी जावयाची हें बहुधा तीच ठरविते, असें चालकांचें म्हणणें. हें म्हणणें कोणत्याही घरांत खरें ठरण्यासारखें आहे.

जाहिरातींत मात्र अतिरेक झाला. कंपनी विमानाची, पण जाहिरातींत विमानाचें दर्शन दुर्मिळ. आनंद, हिरवळ, मोकळें आकाश हेंच सारें. न्यूयॉर्कमध्यें एक दुकान थाटलें, तेथें ‘साँग’ची चव घ्यावी, गाणीं ऐकावीं, तिकीटही काढावें. हें सगळें पाहून, ही कंपनी नक्की विकते तरी काय, असा प्रश्न साध्या माणसाला पडावा यांत नवल नाहीं. ज्या पेढीवर गूळ विकावयाचा तेथें गुळाचें नांव न काढतां गोडीवर प्रवचन चालवावें, तशांतला हा प्रकार.

तरीही जे प्रवासी या विमानांत बसले त्यांपैकीं पुष्कळांना तें आवडलें. ‘साँग’ प्रवाशांनीं नाकारली म्हणून बुडाली असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. इंग्रजी ‘साँग’ आणि मराठी ‘सोंग’ यांच्या उच्चारांत अंतर थोडें आहे, आणि आपल्याकडे म्हणतात कीं सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं. हिशेबाच्या वहींत नेमकें हेंच झालें. हिरव्या विमानाचे वैमानिक हे डेल्टाचेच वैमानिक होते, आणि त्यांचें वेतन डेल्टाच्याच करारानें ठरलेलें होतें. २००१ सालीं झालेला तो करार त्या धंद्यांतील सर्वांत उदार करारांपैकीं एक होता. सेवक-सेविका डेल्टाच्याच नोकरांतून निवडलेल्या. दुरुस्तीच्या कर्मशाळा त्याच, कर्ज तेंच. बचत करावयाची तर एकच वाट उरली: विमान दिवसांतून अधिक तास उडवावयाचें आणि जमिनीवर कमी वेळ ठेवावयाचें. पण १९९ माणसें, त्यांच्या पिशव्या आणि लहान मुलें एकाच अरुंद वाटेनें बाहेर काढून तितकींच पुन्हां आंत बसवावयाचीं, हें काम किती घाईनें करतां येईल यालाही मर्यादा आहे. ‘साँग’नें कांहीं बचत केली हें खरें, जेटब्ल्यूला गांठण्याइतकी ती नव्हती.

दुसरा घाव घरांतूनच बसला. ‘साँग’चें भाडें समजावयास सोपें होतें, एका बाजूच्या प्रवासास ७९ डॉलरांपासून २९९ डॉलरांपर्यंत, त्यापलीकडे नाहीं. प्रवाशांना हें आवडतें असें दिसतांच, आणि स्पर्धाही असह्य होतांच, जानेवारी २००५ मध्यें डेल्टानें आपल्या देशांतर्गत सर्व मार्गांवरचीं भाडीं अशींच सोपीं आणि कमी केलीं. सामान्य वर्गाचें एका बाजूचें भाडें ४९९ डॉलरांहून अधिक असूं नये असा नियम केला. आतां मुलीजवळ जें वेगळें होतें तें आईनेंही अंगीकारलें. मग मुलीचा वेगळा संसार कशाकरितां? शिवाय न्यूयॉर्कहून फ्लॉरिडास हिरव्या विमानानें जाणारा प्रवासी नवा मिळविलेला किती आणि काल डेल्टाच्याच विमानांत बसणारा किती, हा हिशेब तर कोणत्याही रंगानें झांकण्यासारखा नव्हता.

विमानांच्या रंगाची चर्चा करतांना ज्यांचें आयुष्य त्या विमानांखालीं गेलें त्यांना विसरूं नये. नोव्हेंबर २००४ मध्यें डेल्टाच्या वैमानिकांनीं आपल्या वेतनांत शेंकडा ३२ ½ इतकी कपात मान्य केली. एका सहीसरशीं पगाराचा तिसरा हिस्सा गेला, आणि तरीही कंपनी वांचली नाहीं. तेल महागत गेलें. ऑगस्ट २००५ मधील कट्रीना वादळानें तें आणखी महाग केलें. १४ सप्टेंबर २००५ रोजीं डेल्टानें न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज दिला. पुढील वर्षीं वैमानिकांची निवृत्तिवेतनाची योजनाच मोडींत काढून सरकारी विमा-संस्थेच्या गळ्यांत घालण्यांत आली. त्या संस्थेच्या देण्याला कायद्यानें मर्यादा असते. त्यामुळें तीस-तीस वर्षें नोकरी करून जितक्या पेन्शनवर भरंवसा ठेवला होता तितकी पुष्कळांच्या हातीं पडली नाहीं. पेन्शनीवर संसाराचीं गणितें मांडणाऱ्या कुटुंबाला या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. हिरव्या रंगावर झालेला खर्च या दुःखाचें कारण होता असें मुळींच नाहीं; पण ज्या वर्षांत खरा प्रश्न वेतनाचा, कर्जाचा आणि तेलाचा होता, त्या वर्षांत चालकांची बुद्धि गणवेषाच्या कापडावर आणि जाहिरातींतल्या हिरवळीवर किती खर्च होत होती, याची नोंद केल्यावांचून राहवत नाहीं.

ऑक्टोबर २००५ मध्यें ‘साँग’ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. विमानांत पुन्हां वरच्या वर्गाच्या २६ रुंद खुर्च्या बसविण्याचें ठरलें, म्हणजे ज्या वकिलाला तीन वर्षांपूर्वीं बाहेर काढलें होतें त्याला सन्मानानें परत बोलावलें. हिरवा रंग खरवडला गेला. राहिले ते खुर्चीसमोरचे पडदे. ते प्रवाशांना इतके आवडले होते कीं डेल्टानें ते काढले तर नाहींतच, उलट पुढें आपल्या इतर विमानांतही ते बसवीत गेली. रंगाच्या थराखालीं ‘साँग’नें जें एक खरें काम केलें होतें तें हें.

‘युनायटेड’नें या सुमारास, स्वतः दिवाळखोरींत असतांना, दुसऱ्यांदा नशीब पाहिलें. फेब्रुवारी २००४ मध्यें डेन्व्हरहून तिची ‘टेड’ नांवाची शाखा सहलीच्या गांवीं उडूं लागली. ‘युनायटेड’ या नांवाचें शेवटचें टोक तोडून हें नांव केलेलें. तेव्हां ‘टेड’ म्हणजे ‘युनायटेड’चा शेवट, अशी थट्टा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. शेवट ‘टेड’चाच झाला, २००९ च्या आरंभीं. त्याविषयीं याहून अधिक सांगण्यासारखें नाहीं.

या नाटकाचा एक अंक मात्र मुंबईच्या विमानतळापर्यंत येऊन पोहोंचला. ‘एअर फ्रान्स’ या फ्रेंच कंपनीनें १ डिसेंबर २०१७ रोजीं पॅरिसहून ‘जून’ नांवाची कन्या-कंपनी सुरू केली. हें नांव महिन्याचें नव्हे; फ्रेंचमध्यें ‘तरुण’ या अर्थाचा जो शब्द आहे त्याच्या ध्वनीवर बेतलेलें. अठरा ते पस्तीस वर्षांच्या मंडळींना रिझविण्याचा तिचा हेतु होता. रंग विजेसारखा निळा. सेवक-सेविकांना कडक गणवेषाऐवजीं साधे सदरे आणि पांढरे कापडी बूट, आणि त्या कपड्यांच्या सुतांत टाकाऊ प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेला धागा. आपण केवळ विमान-कंपनी नसून वेषभूषेचें घर, गच्चीवरचें मद्यगृह आणि मनोरंजनाची वाहिनीही आहोंत, असें ती स्वतःविषयीं सांगे. पोर्तुगाल, जर्मनी, ब्राझील, सेशेल्स अशीं तिचीं ठिकाणें. आणि जून २०१८ पासून पॅरिस-मुंबई मार्ग एअर फ्रान्सकडून तिच्याकडे आला.

येथें हिशेब ‘साँग’पेक्षां थोडा पुढें गेला होता, हें कबूल केलें पाहिजे. वैमानिक एअर फ्रान्सचेच, पण विमानांतले सेवक-सेविका नव्यानें आणि कमी खर्चानें नेमलेले. म्हणजे बचत रंगाची नव्हे, माणसांची. तरी गोंधळ टळला नाहीं. मुंबईहून पॅरिसला जाणारा प्रवासी कांहीं गच्चीवर मद्य घ्यावयास जात नाहीं. त्यांत मुलीच्या बाळंतपणाला निघालेली आई असते, हिऱ्यांचा व्यापारी असतो, शिकावयास निघालेला मुलगा असतो. आपण एअर फ्रान्सच्या विमानांत बसलों कीं दुसऱ्याच कोणाच्या, आणि ही कंपनी स्वस्त कीं शौकीन, हें त्यांना कळणें अवघड होतें. जानेवारी २०१९ मध्यें कंपनीनेंच मान्य केलें कीं या नांवाचा अर्थ प्रवाशांना, नोकरांना आणि भागीदारांना, कोणालाच नीट उमगला नाहीं. जून २०१९ मध्यें ‘जून’ संपली. मुंबईच्या मार्गावर पुन्हां एअर फ्रान्सचें नांव आलें. आणि जे सेवक-सेविका वर्षभर पांढरे कापडी बूट घालून मुंबईस उतरत होते, त्यांना एअर फ्रान्सनें आपल्या नोकरींत घेऊन गडद निळा गणवेष दिला.